बोरन्हाणाचा काळा फ्रॉक

"लंडनात काय, हवं ते मिळतं," असं सासूबाई नागपूरहून फोनवर म्हणाल्या. हलव्याचे दागिने आणि तिळाचे लाडू त्यांनी पार्सलने पाठवले आणि अन्वीच्या बोरन्हाणाचा काळा फ्रॉक तेवढा माझ्यावर सोडला. मीही हो म्हटलं. आम्ही क्रॉयडनला राहत होतो, सगळी दुकानं ट्रामने दहा मिनिटांवर, त्यात जानेवारीचे सेल.

नऊ महिन्यांच्या बाळासाठी इथे काळं काहीही मिळत नाही, हे कळायला चार दिवस लागले. गुलाबी मिळतं, पिस्ता मिळतं, ससे काढलेलं पिवळं मिळतं. एका दुकानातल्या मुलीने आतून शोधून ऑक्टोबरातल्या हॅलोवीनचा उरलेला एकुलता एक काळा ड्रेस आणला, तर त्याला वटवाघळाचे पंख.

"घे की," प्रणव म्हणाला. "पंख हलव्याखाली झाकले जातील."

त्याला चेष्टा सुचत होती. नोव्हेंबरात अन्वी छातीच्या इन्फेक्शनने सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होती, नाकात नळी. एरवी मी असलं काही मानत नाही, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय. पण तिथल्या एका पहाटे मी मनात बोलून गेले होते, की ही घरी आली तर हिचं बोरन्हाण यथासांग करीन, एक गोष्ट राहू देणार नाही. बोलले ते बोलले. संक्रांत शनिवारी होती आणि मंगळवार उजाडला होता.

अन्वीला प्रणवकडे ठेवून मी सरी स्ट्रीटच्या बाजारात गेले. घरी आल्यापासून तिला डॉक्टरांखेरीज कुठे नेलं नव्हतं. बाहेर तीन डिग्री, ट्राममध्ये खोकणारी माणसं. बाजारात नेहमीसारखे स्टीलचे बाऊल फळांनी भरून मांडलेले होते, कुठलाही बाऊल पाउंडाला. ख्रिसमसच्या उरलेल्या क्रॅनबेरी होत्या. लाल, आंबट, बोराएवढ्या आणि बी नाही. मला हायसं वाटलं.

"जॅम करणार का, लव्ह?" फळवाल्याने विचारलं.

"नाही. बाळाच्या डोक्यावर ओतायच्या आहेत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग शेजारच्या बटाटेवाल्याला ओरडून सांगितलं, "ऐकलंस? हिचं पोर आंघोळ क्रॅनबेरीने करतं." आणि एक मूठ जास्त टाकली. त्याच्या चांगल्या मूडचा फायदा घेऊन मी काळ्या कपड्याचं विचारलं.

"मॉरीनकडे जा. लोकर आणि बटणांचं दुकान, त्या बोळात. तिच्याकडे नसलं तर ती शिवेल."

दुकान आमच्या स्वयंपाकघराएवढं होतं. मॉरीन सत्तरीच्या पुढची, गळ्यात मेजरिंग टेप.

"काळा?" ती म्हणाली. "बाळाला?"

"आमच्यात घालतात. शनिवारी सेरेमनी आहे. आमचं इथे कुणी नाही, सगळे इंडियात. पण सगळं नीट व्हायला हवंय मला." आणि का कोण जाणे, तिच्या चेहऱ्याकडे बघून मी पुढेही बोलले. "नोव्हेंबरात ती हॉस्पिटलमध्ये होती ना."

मॉरीनने चष्मा काढला. "ओह, लव्ह."

"मापाला मी तिला आणू शकत नाही. हे आणलंय." मी पर्समधून अन्वीचं झबलं काढून दिलं, हॉस्पिटलमध्ये तिला घालायचे ते. मॉरीनने ते काउंटरवर पसरलं आणि त्यावरून दोनदा हात फिरवला. नाव विचारलं. शुक्रवारी दुपारी ये म्हणाली.

ट्राममध्ये मी भारावून बसले होते. इतक्या दिवसांत एका तरी इंग्लिश बाईने "का बरं काळा?" असं नाक मुरडलं नव्हतं. घरी येऊन प्रणवला म्हटलं, "दुसऱ्यांच्या रीतीभातींची कदर असावी तर अशी."

शुक्रवारी दोन वाजता मी पोचले, तेव्हा फ्रॉक पांढऱ्या टिश्यू पेपरात ठेवलेला होता. काळं मखमल, शिंपल्याची बटणं, इतके बारीक टाके की दिसू नयेत.

"आतून फ्लॅनेल लावलंय," मॉरीन हळू आवाजात म्हणाली. "तिला गार लागू नये."

"मला तीच काळजी असते सारखी," मी म्हटलं.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "असतेच. लोक म्हणतील आता कसली काळजी, ऐकू नकोस. माझा सायमन चार दिवसांचा होता. एकसष्ट साली. मला त्याला कपडे घालू दिले नाहीत, नर्सनेच घातले. तू तुझ्या हाताने घाल."

तिने पैसे घेतले नाहीत. मी थँक यू म्हटलं असावं. बोळातून बाहेर आले, फळवाला काहीतरी ओरडला, मी मान हलवली. ट्राममध्ये ती पिशवी मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली आणि मग तेही बरं वाटेना.

घरी दाराबाहेरच, बुटांच्या रॅकवर ठेवली. प्रणव अन्वीला भरवत होता. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

"तिला वाटलं, आपली अन्वी..." मी दाराबाहेरच्या पिशवीकडे बोट केलं. "तिने ते मनात धरून शिवलाय तो. मी नाही घालणार हिला. वटवाघूळ आण."

"बरं, आणतो. पण त्या बाईचं काय? तिला काय वाटत असेल आत्ता?"

मी विचारच केला नव्हता. सत्तरीची बाई, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं सगळं उकरून बसली असेल, माझ्यामुळे.

"फोन करते."

"फोनवर काय सांगशील? आमची जिवंत आहे, थँक्स?" त्याने अन्वीचं तोंड पुसलं. "दाखवून ये."

"ह्या थंडीत?"

त्याने तिची टोपी माझ्यापुढे धरली. अन्वीने चमचा खाली टाकला.

दोन स्वेटर, वर जॅकेट, टोपी, त्यावर माझी शाल, प्रॅमवर प्लास्टिकचं कव्हर. रॅकवरची पिशवी प्रॅमखालच्या जाळीत टाकली. ट्राममध्ये एक माणूस खोकला तेव्हा मी प्रॅम वळवली. तो दुसऱ्यांदा खोकला, तोवर आमचा स्टॉप आला. पावणेपाच वाजले होते, बाजारात दिवे लागले होते, बाऊल रिकामे होत होते. मॉरीन दारावरची पाटी उलटी करत होती.

मी कव्हर वर केलं. "ही अन्वी."

मॉरीनने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली. मी भराभरा सांगत सुटले, संक्रांत, थंडी, काळा, आमच्यात मुलांना आयुष्य मिळावं म्हणून असं करतात, मी मूर्ख आहे, सॉरी, सॉरी. ती ऐकत नव्हती.

"तीन दिवस रडत शिवलाय मी तो," शेवटी ती म्हणाली. "तीन दिवस. कळतंय तुला?"

"हो."

"आणि ही इथे गाल फुगवून बसलीये." तिचा आवाज मध्येच फुटला, रडत होती की हसत होती सांगता येईना. "दे इकडे."

मी दिली. मॉरीनने ती शाल, टोपी, जॅकेट, दोन्ही स्वेटर, एकेक करून काउंटरवर काढून ठेवलं. मी जॅकेटसाठी हात पुढे केला होता तो मागे घेतला. मग तिने पिशवीतून फ्रॉक काढला आणि अन्वीच्या अंगावर चढवायला गेली. डोकं गेलं, दंड काही केल्या बाहीत जाईना.

"हे कुठलं माप दिलंस मला?"

"हॉस्पिटलमधल्या झबल्याचं."

"बाई गं, ते नोव्हेंबरातलं. ही बघ केवढी झालीये."

मी बघितलं. ताप, खोकला, श्वास, दुधाचे औंस, सगळं मी रोज वहीत लिहीत होते. दंडाला वळ्या पडल्या होत्या, तिथे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मॉरीनने कात्री घेतली आणि तो फ्रॉक काखेपासून कमरेपर्यंत उसवला. दोन्ही बाजू. आतलं फ्लॅनेलही काढून टाकलं. "हे नको. उकडेल हिला. मखमल उरलंय, बाजूला पट्टी घालते. तुला घाई आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "उद्या तुम्हीही याल का? पहिली मूठ आमच्यात मोठ्यांनी घालायची असते."

"कसली मूठ?"

"क्रॅनबेरीची."

"देवा," मॉरीन म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिच्या गळ्यातल्या टेपचं टोक अन्वीने केव्हाच तोंडात घातलं होतं. दुकानातला टेप, कुणाकुणाला लागलेला. मी ते पाहिलं आणि काढून घेतलं नाही.