सहा हत्तींची वाट

पाथरवटाने छिन्नी दगडी हत्तीच्या कपाळावर टेकवली, तेवढ्यात मंदिराचे अध्यक्ष धावतच आले.

"अहो, थांबा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"खुणा मीच केल्यात. इथून तिथपर्यंत, सहा जाणार."

मुख्य दाराच्या पायऱ्यांलगत, मंदिराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली होती. चौऱ्याऐंशी हत्ती, पण एकाची सोंड दुसऱ्यासारखी नाही. यंत्राला हात न लावता पाथरवटाने त्यांत दोन वर्षं घातली होती. बघायला येणाऱ्यांचे आवाज त्या रांगेपाशी आपोआप खाली यायचे.

त्यातले सहा तोडून तिथे उतार करायचा होता, तो बाईंसाठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सभामंडपात रविवारचा वर्ग सुरू केला. निम्म्या वस्तीची पोरं तिथेच वाचायला शिकली. बाईंचे पाय गेल्यावर चौघे जण त्यांना चाकांच्या खुर्चीसकट उचलून वर आणत. महिन्यापूर्वी त्यातल्या एकाची कंबर धरली आणि बाईंनी येणंच बंद केलं. वर्गाच्या सतरंज्या तेव्हापासून गुंडाळलेल्याच होत्या.

"मागे चपलांच्या कपाटापाशी उतार करू ना," अध्यक्ष काकुळतीला आले. "तिथे काही तोडावं लागत नाही."

"विचारलं मी बाईंना. चालेल म्हणाल्या." पाथरवटाने छिन्नीचं टोक पुसलं. "पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी."

अध्यक्षांनी खुणांवरून बोट फिरवलं. तेही बाईंचेच विद्यार्थी.

"मग दुसऱ्या कुणाकडून तोडून घ्या. तुमच्याच हाताने कशाला?"

"दुसरा कुणी शेजारचा सातवाही फोडेल."

पहिला घाव त्याने नजर न हटवता घातला. सहाव्या हत्तीपर्यंत चार दिवस गेले.  मग उतार त्याने असा घडवला, की दगडांचा सांधा नखाला लागेना.

रविवारी बाई आल्या. स्वतःच्या हातांनी चाकं उतारावरून ढकलत, मध्ये एकदा दम खात, पुढच्या दाराशी पोचल्या. कुणीतरी मदतीला सरसावलं, तर "हात काढ" म्हणाल्या, अगदी वर्गातल्या आवाजात.

त्यांच्यामागून एक बाबागाडी वर चढली. मग काठी टेकणारे दोन आजोबा, मग भांड्यांची ढकलगाडी, मग पोरांचा घोळका. बघता बघता सगळे तिकडूनच जाऊ लागले.

पाथरवट रिकाम्या पायऱ्यांवर बसून बघत होता. त्याची बायको शेजारी येऊन टेकली.

"पायऱ्या उगाच केल्या म्हणायच्या."

"अकरा आहेत, मीच घडवलेल्या," तो म्हणाला. "दीड वर्ष लागलं होतं."

आणि हसत, जरासं सरकून, त्याने तिला सावलीत जागा करून दिली.