बोर्डावरचा हात

"आता हा बंद पडला तर पुन्हा उठेल याची खात्री नाही," दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. "चालू आहे तोवर सगळं मोठ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. मध्ये लाईट जाऊ देऊ नका."

कॉम्प्युटर सकाळपासून आतून टकटक करत होता. त्यात नवऱ्याची सगळी चित्रं, मुलांच्या पुस्तकांसाठी काढलेली. कॉपी आज करू, उद्या करू. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं आम्ही! गेल्या वर्षापासून त्याचे हात कापतात. साधा कप धरायला दोन हात लागतात, तो रेघ कुठली ओढणार? ही चित्रं गेली की गेली.

विटेएवढी डिस्क जोडली, कॉपी सुरू केली आणि माझी नजर दाराजवळच्या बोर्डाकडे गेली. दिवा, पंखा, कॉम्प्युटर, सगळी बटणं तिथेच. आणि घरात बाबा, माझे सासरे! खोलीतून बाहेर पडताना तळहात बोर्डावरून खाली फिरवायचा, एका झटक्यात सगळं बंद, ही त्यांची शिस्त. पोराला लावली, लग्न होऊन आले तशी मलाही लावली. पाहुणा अंघोळीला गेला तरी बाहेरून अंधार करतील, असा माणूस. बटणावर चिकटपट्टी लावून पाहिली, पण त्या तेलकट बोर्डावर ती टिकेना.

"बाबा, आज या खोलीत पाऊल टाकायचं नाही!"

"अगं, पण तूच..."

"मागे तुम्ही फ्रिज बंद केलात, सगळं दूध नासलं! एकदा तरी ऐका माझं. आज काही झालं ना, तर जन्मात माफ करणार नाही तुम्हाला."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते मागे वळले. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला वेळ कुणाला होता!

दाराकडे पाठ करून मी पडद्यासमोर बसले. उरलेला वेळ म्हणजे माझी नणंदच. 'निघालेच' म्हणणार आणि मग केस विंचरायला घेणार. कधी वीस मिनिटं, कधी तीन तास. अर्ध्याच्या पुढे हिरवी पट्टी अडली. टकटक वाढली. श्वास रोखून मी म्हणत होते, चल रे राजा, एवढं कर. पट्टी हलली, जरा सरकली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं आदळलं आणि नवरा ओरडला, "आई गं!"

एकटाच चहा करायला गेला असणार! मी धडपडत उठले आणि दाराकडे धावले. हात मी उचलला नाही, देवाशपथ. तो आपला आपण वर गेला आणि बोर्डावरून सपकन खाली आला.

बटणांवर नाही. कुणाच्या तरी हाडकुळ्या हातावर.

बाबा दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. चौकटीतून हात आत घालून त्यांनी पंजा बटणांवर पसरला होता. पाऊल मात्र बाहेरच.

"जा, त्याला बघ आधी," ते म्हणाले. "मी आहे इथे."

नवऱ्याला भाजलं नव्हतं, नुसता सदरा भिजला होता. परत आले तरी बाबांचा हात तसाच. आम्ही तिघं पट्टीकडे बघत राहिलो. ती एकदाची टोकाला पोचली. नवऱ्याने डिस्क काढून लॅपटॉपला लावली. कापऱ्या बोटाने एक चित्र उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी होती.

"कधीपासून बसलात इथे?" मी बाबांना विचारलं.

"तू ओरडलीस तेव्हापासून. तेच तर सांगत होतो, मी लक्षात ठेवीन गं, पण तुझा हात जाईल. मीच लावलीय ना सवय."

त्यांच्या मनगटावर माझ्या बांगडीचा लाल वळ उठला होता.

"आता बंद करू?" त्यांनी हळूच विचारलं.

"करा," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.