भाकरीच्या परातीपासून दिसणारा टीव्ही

मित्रांनो, मी एक टीव्ही आहे. जुना म्हणू नका हं! दोनच वर्षं झालीत, पण रोजच्या फोडण्या खाऊन अंगाला थोडा पिवळेपणा आलाय. मोठ्या परातीमागं लपेन एवढासा मी. तरी हुबळीत माझ्याइतका भाग्यवान टीव्ही नसेल, कारण मला विमलाआईनं निवडलं!

कारखान्यातून थर्माकोलच्या गादीत निजून मी दुकानात आलो. तिथं माझी जागा कोपऱ्यात, मिक्सरच्या खोक्यांशेजारी. समोर भिंतभर मिरवणारे माझे थोरले भाऊ! लोक त्यांच्यापुढं हरखून उभे राहायचे आणि मला बघून विचारायचे, "हा कॉम्प्युटरचा आहे काय?" मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी नवनगरहून तिघं आली. यशपाल अण्णा गोकुळ रोडवर लेथ चालवतात. त्यांची बायको विमलाआई दाजीबानपेठेतल्या खानावळीला ज्वारीच्या भाकऱ्या करून देते. आणि त्यांची मुलगी आरुषी, शाळेच्या खो-खो संघाची कप्तान!

दुकानदार वादिराज अण्णांना आरुषीनं एका दमात सांगून टाकलं, "टीव्ही स्वयंपाकघरात पाहिजे. रविवारी आमची फायनल केबलवर लाइव्ह आहे. मागच्या वेळी सगळे ओरडले, 'विमला, ये ये, आरुषी दिसतीय!' आई हात पुसून हॉलमध्ये पोचली, तर साबणाची जाहिरात!"

"साबण चांगला होता," विमलाआई म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली, पण तिचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं. रविवारीही खानावळीच्या भाकऱ्या चुकणार नव्हत्या. शेगडीपुढून दिसलं तरच लेकीचा खेळ दिसणार होता.

यशपाल अण्णांनी एका चकचकीत टीव्हीवर हात ठेवला. "हाच घेऊ. रंग बघ की!"

"थांबा जरा," म्हणत विमलाआईनं पदर खोचला आणि दुकानाच्या मधोमध, फरशीवर, चक्क मांडी घातली!

"अय्यो अक्का, एळ्री, एळ्री! उठा, खुर्ची आणतो!" वादिराज अण्णा धावले.

"खुर्चीवर बसून भाकरी कोण थापतं, अण्णा? तो टीव्ही तेवढा वर ठेवा. स्वयंपाकघरातली आमची फळी उंच आहे."

मग रिकाम्याच हातांनी ती भाकरी थापायला लागली. थप, थप, थप, आणि मध्येच मान वर. "अहो, ह्याच्यातल्या बाईचं तोंड काळं पडलं की!"

"काहीतरीच तुझं!"

"बसून बघा ना."

इस्त्रीची पँट सावरत यशपाल अण्णा बसले. आरुषी बसली. पोट सांभाळत वादिराज अण्णाही टेकले. खरंच! उभ्यानं झकास दिसणारं चित्र खालून पार काळवंडत होतं. एकेक भाऊ फळीवर चढला नि उतरला. शेवटी माझी पाळी. मीही फळीवर चढलो, मित्रांनो!

विमलाआई थापत राहिली. मान वर केली. हात थांबले.

"हा बघा! ह्याच्यातली माणसं माणसांसारखी दिसतात."

असं कौतुक भिंतभर पडद्यांनाही कधी मिळालं नसेल!

रविवार उजाडला. तव्यावर भाकरी, फळीवर मी. शेवटची मिनिटं उरली आणि आरुषी खांबाला वळसा घालून झेपावली, अशी आडवी की माझ्या पडद्यात मावेना! "धर, पोरी, धर!" विमलाआई ओरडली. धरलं! जिंकले! आणि स्वयंपाकघरात धूर. खानावळीनं जिच्या भाकरीवर कधी काळा डाग पाहिला नव्हता, तिच्या तव्यावर कोळसा झाला होता.

संध्याकाळी आरुषी आली. गळ्यात पदक, गुडघे खरचटलेले. पण ती धावत आली ती स्वयंपाकघरात. "आई, दिसलं?"

विमलाआईनं ती काळी भाकरी टाकली नव्हती. ताटात घालून पुढं केली. "एवढं दिसलं."

आरुषी ती कडूजहर भाकरी चटणीशी कुडूम कुडूम खात सुटली. दोघी हसत होत्या, रडतही होत्या.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसत जा, ओल्या हातानं बटण दाबू नका. आणि घरात काही नवं घ्याल तेव्हा, ज्याच्यासाठी घेताय त्याच्या जागी आधी एकदा मांडी घालून बसा. तिथून काय दिसतं, ते बघा.