हिरवा उतार

तुर्भ्याच्या डोंगरातली दगडखाण बंद पडली, तसा एका कारखान्याने तांब्याच्या खनिजाचा उरलेला गाळ तिथे वर्षानुवर्षं ओतला. त्र्याऐंशी साली गावकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा झालेलं नुकसान तपासून ती जमीन सुधारायचं काम वैजयंतीकडे आलं. ती मातीची तज्ज्ञ, वाशीला राहणारी. तिने गाळात चुना मिसळला, वर माती आणि शेणखत पसरलं, चिवट गवत पेरलं आणि भोवती कुंपण मागितलं.

"कुंपणाचं पुढे बघू," कारखान्याचे मॅनेजर नंदकिशोर म्हणाले. "आधी हिरवं तर होऊ दे!"

टँकरच्या पाण्यावर हिरवं झालं. भोवतालचा डोंगर उन्हाने करपला, तरी तो उतार डोळे निववत होता. वैजयंती समाधानाने दुसऱ्या कामासाठी नाशिकला गेली.

परतली तेव्हा कुंपण झालंच नव्हतं आणि उतारावर मेंढरं मरून पडली होती. फलटणकडून दरसाल कोकणात उतरणारा धनगर बाजीराव डोक्याला हात लावून बसला होता. त्याची बायको रखमा एका तडफडणाऱ्या मेंढीला थोपटत होती.

"काल चांगली चरत हुती, बाई," बाजीराव म्हणाला. "आज डोळं हळदीवानी पिवळं, आन् मूत रगतासारखं."

गाळातलं तांबं गवतात उतरलं होतं. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस जीव घेतं.

"कधीपासून चारताय इथं?"

"हुळीच्या आदीपासनं. समद्या डोंगरात हितंच हिरवं."

"हे मटण खाऊ नका, कुणाला विकूही नका. विष आहे."

"आन् उभी हायती ती?"

"त्यांतलीही काही जातील. आजच हलवा इथून."

"ह्ये गवात लावलं कुनी?" रखमाने विचारलं.

"मी."

रखमाने तिच्याकडे एकवार पाहिलं. "ब्येस लावलंस," ती म्हणाली आणि मेंढीकडे वळली.

बातमी कळताच आलेले नंदकिशोर म्हणाले, "सोमवारी पाहणीला वरची माणसं येतायत. गवत राहू दे. मेंढ्या पुरून टाकू."

वैजयंतीने ऐकलं नाही. विळा घेऊन ती एकटीच गवत कापत सुटली. अर्धा उतार उघडा झाला, तेव्हा कारखान्याच्या वॉचमननी तिला उतारावरून हाकललं. काम सुटलं.

धनगरांचा तांडा पनवेलच्या दिशेने निघून गेला होता. कळंबोलीपर्यंत रस्त्याच्या कडेला त्यांची मेंढरं पडत गेली, असं ट्रकवाले सांगत होते.