साडीमागचा आरसा

मी जयमाला मॅडमच्या डान्स क्लासमधला आरसा बोलतोय. आवाज दबका येईल, कारण माझ्यावर साडी टाकलेली आहे. मॅडमनीच टाकली. यात काहीतरी काळंबेरं आहे.

माझा स्वभावच संशयी. नगरहून टेम्पोत गाद्यांमध्ये गुंडाळून मला जामखेडला आणलं, तेव्हा वाटलं, हे मला फोडणार. फोडलं नाही. पण माझ्यासमोर पोट आत घेऊन उभं राहणाऱ्या माणसांवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

एक मॅडम तेवढ्या माझ्या. मुलांकडे पाठ करून, माझ्यात बघूनच त्या शिकवायच्या.

यंदा गॅदरिंगचे दिवस आले आणि त्यांचं बिनसलं. शाळा कुठलीही असो, मागणी तीच, कोळीगीत नाहीतर शेतकरी नृत्य. गाणं लागायचं, मॅडमचा हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा. मग त्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर दुसऱ्यांचे नाच बघायच्या. माझ्यापासून लपवून.

एके दिवशी नवऱ्याला, पंकजरावांना म्हणाल्या, "हे गॅदरिंग झालं की क्लास बंद. काहीच सुचत न्हाई ओ. आरशात बघितलं की तीच दमलेली बाई तेच नाचताना दिसती."

त्याच दिवशी साडी आली. मला ते कारण पटलं नाही. नवा आरसा येणार असेल, असंच वाटलं.

आता मुलींकडे तोंड करून शिकवणं आलं. समोरून शिकवताना आपण डावा हात उचलायचा, म्हणजे मुलींचा उजवा उठतो. माझ्यात बघून शिकवायच्या सवयीने मॅडम तेच विसरल्या. मुलींच्या ओरड्यावरून मला कळलं, त्यांनी उजवा उचलला. निम्म्या मुलींनी उजवा, निम्म्यांनी समोर दिसला तसा डावा. वळताना सगळ्या एकमेकींवर आदळल्या. साडीआड मी खूश. येतील आता परत, म्हटलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "रेश्मा, पडता पडता अश्विनीचा हात धरून काय केलंस गं?"

"चुकून गिरकी झाली, मॅडम."

"मग परत चुकून कर."

नंतर गाणं पुन्हा पुन्हा लागत राहिलं. पावलांचा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मला फार वाईट वाटलं.

गॅदरिंग झालं. क्लास काही बंद झाला नाही. काल पंकजराव म्हणाले, "सलूनवाला बन्सी आरसा मागतोय. देऊन टाकू का?"

"राहू द्या. साडी पन राहू द्या."

ठेवायचंही आणि झाकायचंही, हा काय डाव आहे?

मॅडम, एकदा तरी साडी वर करा. नाच नका दाखवू, तो तुम्हाला माझ्यावाचून सुचला. नुसतं तोंड दाखवा. तुम्ही हसताय, असा मला दाट संशय आहे.