टाकीमागची तोटी

मिस्त्रीने पाचव्यांदा सेल्फ मारला. ट्रक घुरघुरला, खोकला आणि गप्प झाला.

"काकू, हा ट्रक आहे की रुसलेली आत्या?" मिस्त्री केबिनमधून उतरला. "बॅटरी नवी, फिल्टर नवा. हवा काढायला पंप मारून मारून खांदे भरून आले, पण वर डिझेलचा थेंब येईल तर शपथ!"

काकू पायरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. "जुना आहे रे," एवढंच म्हणाल्या.

डिझेल वर का येत नाही, हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. टाकीमागे नळीवर एक छोटी तोटी होती, रबराच्या पट्टीत गुंडाळलेली. धाकट्या दिराला न विचारता ट्रक पळवायची खोड होती, म्हणून नवऱ्याने ती गुपचूप बसवली होती. दीर ऐटीत निघायचा, नळीतलं उरलंसुरलं डिझेल संपलं की वळणावर बंद पडायचा आणि ट्रकला शिव्या घालत पायी परत यायचा. नवरा-बायको दाराआड तोंडात पदर नि रुमाल कोंबून हसायचे. हे गुपित तिसऱ्या माणसाला कधी कळलं नाही.

पुढे नवऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा वाकून तोटी फिरवायचं काम काकूंकडे आलं. शेवटच्या दिवशीही तो ट्रकमधून घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, "बंद कर गं तेवढी." त्यांनी बंद केली. त्याच रात्री तो गेला, त्याला आता चौदा महिने झाले होते.

आज तोटी उघडली, तर ट्रक दारातून जाणार. वखारवाल्याने तो विकत घेतला होता आणि न्यायला येऊन मघापासून फाटकाशी उभा होता.

"वहिनी, साखळी लावून ओढत नेतो," तो म्हणाला. "उगाच तुमचा दिवस मोडतोय."

"ओढत?" काकूंचा हात थांबला. "तो कधी कुणाच्या मागून गेला नाही हो."

"मग नळीच कापतो," मिस्त्री म्हणाला. "फुंकून बघितली, चोंदलीय ठार." त्याने करवतीचं पातं काढलं आणि ट्रकखाली सरकला.

"थांब रे!"

काकू उठल्या. मांडीवरचे वाटाणे अंगणभर पांगले. ट्रकला धरून त्या वाकल्या, टाकीमागे हात घातला. बोटांना वाट पाठ होती. तोटी गंजून घट्ट बसली होती. अंगठ्याचं सालटं निघालं तेव्हा ती फिरली.

"मार आता पंप."

मिस्त्रीने पंप मारला. फिल्टरच्या ढिल्या बोल्टातून आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. त्याने काकूंकडे पाहिलं. "सकाळपासून माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

त्याने बोल्ट आवळला, वर चढला आणि सेल्फ मारला. काळ्या धुराचा लोट सुटला आणि ट्रक धडधडायला लागला. घराची तावदानं थरथरली.

"वा!" वखारवाला पुढे झाला. "चला, निघतो मी."

"मिस्त्री," काकू आवाज चढवून म्हणाल्या, "एकदा बंद कर."

"काकू! अख्खा दिवस घालवून चालू केलाय!"

"एकदाच. मग परत लाव नि खुशाल न्या."

चालू ट्रकचा आवाज त्यांच्यासाठी कायम निघण्याचा होता. नवरा फेरीवर गेला की आठ-आठ, दहा-दहा दिवस कान लावून त्यांनी वाट पाहिली होती ती तो दारात येऊन बंद होण्याची.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. ट्रक जागच्या जागी दोनदा हादरला आणि शांत झाला. तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं. मग केबिनचं दार करकरलं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि दाराकडे पाहिलं.

मिस्त्री खाली उतरला.

"आलास?" काकू म्हणाल्या. मग हलकेच मान हलवून त्या बाजूला सरल्या, ट्रकला वाट करून द्यायला.