पिवळ्यावरचं बोट

आकांक्षाने कार्डावरच्या पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि सासूकडे पाहिलं. उषाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

कार्डावर रंगांचे सहा चौकोन होते. बाळाची शी कोणत्या रंगाची होते, एवढंच डॉक्टरबाईंनी विचारलं होतं.

"नक्की पिवळी?"

"आत्याबाईच बघतात. मला हात लावू देत न्हाईत," आकांक्षा सासूकडे बोट करत म्हणाली.

वडीगोद्रीत त्यांच्या घरी बाळंतीण सव्वा महिना पाण्यात हात घालत नसे. छत्तीस दिवस छोट्या अर्पिताचे लंगोट उषाबाईंनीच बदलले, त्यांनीच धुतले. पोरीचे डोळे पिवळे दिसायला लागले तशी सून खचली. तेव्हापासून त्या रोज तिला सांगत, "लंगोटावर पिवळं निघून राह्यलंय. कावीळ उतरंल."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा कागद उलगडला.

"हृदय उजवीकडे आहे, हे तुम्हाला आधी सांगितलंय. प्लीहाही एक नाही, छोट्या छोट्या चार आहेत. अशा बाळांत कधी कधी पित्ताची नळीच नीट झालेली नसते. मग पित्त खाली आतड्यात उतरत नाही."

"उतरत न्हाई तर बरंच की," उषाबाई म्हणाल्या. "मला पित्त झालं का मी चार दिस तिखटाला शिवत न्हाई."

"ते पित्त वेगळं, आजी. हे उतरलंच पाहिजे. शी पिवळी होते ती त्यानेच. पिवळी असेल तर आपण आठवडाभर थांबून पुन्हा तपासू. पण पांढरी असेल तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, आजच मोठ्या दवाखान्यात जायचं. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पित्ताला वाट करून देता येते. उशीर झाला की यकृत जातं."

उषाबाई कार्डाकडे बघत राहिल्या. हृदय उजवीकडे, पित्त हवं, पिवळं चांगलं. सगळंच उलटं होऊन बसलं होतं. सून पुन्हा खचू नये म्हणून त्यांनी मघाशी मान हलवली होती. पिवळी होती ती लघवी. तिचा डाग दोनदा साबण लावूनही निघत नसे. शी तर खडूसारखी. पोरगी नुसत्या दुधावर आहे, पोट कसं स्वच्छ आहे, असं त्या शेजारणीलाही म्हणाल्या होत्या.

"म्हंजे पिवळी हाय ते बरंच झालं," आकांक्षा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा आला होता. ती बाळाचं टोपरं बांधायला लागली. "पुढच्या सोमवारी येऊ का मंग?"

उषाबाईंनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. सकाळी एसटीत बदललेला लंगोट प्लास्टिकच्या थैलीत घट्ट बांधून ठेवला होता. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी ओढली, लंगोट उलगडला आणि कार्डाशेजारी ठेवला.

त्यावरची शी पांढरीफटक होती.

"आत्याबाई, तुमी तर पिवळं म्हणल्ता."

"लघवी पिवळी व्हती, माय. मला वाटलं, कावीळच निघून राह्यली."

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. नंबर लावता लावता विचारलं, "पहिल्यापासून अशीच?"

उषाबाईंनी पुन्हा मान हलवली.

आकांक्षाने बाळ सासूच्या मांडीवर दिलं. लंगोट उचलून ती खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून बराच वेळ बघत उभी राहिली. मग दाराबाहेरच्या नळाकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

सव्वा महिन्याला अजून दोन दिवस होते. पाण्यात हात घालू नको, हे शब्द उषाबाईंच्या तोंडात आले आणि तिथंच राहिले.

मांडीवर अर्पिता झोपेत कण्हली. तिला थोपटायला उषाबाईंचा हात सवयीने छातीच्या डाव्या बाजूला गेला. तिथं काही लागेना. मग तो त्यांनी हळूच उजवीकडे सरकवला, आणि तसाच ठेवला.